हार्मोन आणि मन: ९८ टक्क्यांच्या आत काय आहे

अमेरिकेतील २०२२ च्या ट्रान्स सर्वेक्षणात ९२,३२९ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी जे त्या वेळी हार्मोन घेत होते, त्यांतील ९८ टक्क्यांनी सांगितले की हार्मोनमुळे आयुष्याबद्दलचे समाधान वाढले. ८४ टक्क्यांनी 'खूप' म्हटले, १४ टक्क्यांनी 'थोडे'. आधीचे सर्वेक्षण २०१५ चे होते आणि त्यात २७,७१५ जण होते. सात वर्षांत उत्तरे देणाऱ्यांची संख्या ३.३ पट झाली.

या आकड्यातील 'त्या वेळी घेत होते' ही अट महत्त्वाची आहे. ज्यांनी औषध सोडले, ते हिशेबात नाहीत. खाणावळीच्या पंगतीत बसलेल्यांनाच जेवण कसे आहे विचारले, तर उठून गेलेल्यांचे मत कळत नाही. दुसरी अडचण अशी की, ९८ मध्ये ट्रान्स पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया एकत्र मोजल्या आहेत. एकाला टेस्टोस्टेरॉन दिले जाते, दुसरीचे टेस्टोस्टेरॉन दाबून तिला इस्ट्रोजेन दिले जाते. औषधे परस्परविरुद्ध आणि सरासरी एकच. इथे फक्त दुसऱ्या गटाचा हिशेब मांडला आहे: जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या आणि आता इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तींचा.

रक्तात काय बदलते ते नेमके ठाऊक आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणि इस्ट्रॅडिओल दर मिलिलिटरला १०० ते २०० पिकोग्रॅम ठेवायचे असते. प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १,००० असते. म्हणजे घट किमान ८३ टक्के, वरच्या टोकाला ९५ टक्के. शरीरातील एक मुख्य संप्रेरक इतके खाली आणल्यावर मनावर काहीच परिणाम होणार नाही, असे कोणी मानत नाही. तरीही याच दस्तऐवजात परिणामांचा जो तक्ता आहे, त्यात चरबी, स्नायू, त्वचा, स्तन, केस, आवाज अशा ओळी आहेत आणि मनाच्या खात्यात जेमतेम एक: लैंगिक इच्छा कमी होते, सुरुवात १ ते ३ महिन्यांत, पूर्ण परिणाम ३ ते ६ महिन्यांत. रडू लवकर येणे, चिडचिड, हुरहुर, शांत वाटणे यांना ओळ नाही. हार्मोन सुरू करणारी व्यक्ती आधी सुरू केलेल्या मैत्रिणीला बहुधा याच गोष्टी विचारते.

आता जे मोजले गेले त्याकडे. इटलीतील बारी येथे १०७ जणांचा १२ महिने पाठपुरावा झाला. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. १०७ पैकी ७८, म्हणजे ७३ टक्के, ट्रान्स स्त्रिया होत्या. सुरुवातीला ५० टक्क्यांमध्ये चिंतेची लक्षणे होती, वर्षभराने १७ टक्क्यांमध्ये. नैराश्याची लक्षणे ४२ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आली. चिंतेत ३३ अंकांची घट, नैराश्यात १९ अंकांची. म्हणजे चिंता दोन तृतीयांशाने उतरली, नैराश्य निम्म्याहून कमी. या फरकाचे एक साधे स्पष्टीकरण संभवते. औषध मिळेल की नाही, ही टांगती तलवार पहिल्या चिठ्ठीबरोबर जाते आणि चिंतेचा काही भाग तिच्याबरोबर जातो. नैराश्याची मुळे घर, नोकरी आणि रस्त्यातही असतात. हा माझा अंदाज आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. कारण त्यात औषध न घेणारा तुलनेचा गट नव्हता.

अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर चित्राची दिशा तीच राहते, खात्री मात्र वाढत नाही. २०१० च्या एका आढाव्यात २८ अभ्यास आणि १,८३३ व्यक्ती होत्या. उपचारांनंतर मानसिक लक्षणांत सुधारणा सांगणारे ७८ टक्के निघाले, पण त्या आकड्याची विश्वासमर्यादा ५६ ते ९४ होती. ३८ अंकांची ही रुंदी सांगते की, 'निम्म्याहून थोडे जास्त' आणि 'जवळजवळ सगळे' ही दोन्ही उत्तरे शक्य आहेत. शिवाय त्यात हार्मोनबरोबर शस्त्रक्रियाही मिसळलेली होती. २०१६ च्या आढाव्यात फक्त हार्मोन पाहिले आणि पाठपुरावा केलेले अभ्यासच घेतले. तेव्हा ३ अभ्यास उरले, २४७ व्यक्ती उरल्या, त्यांत १८० ट्रान्स स्त्रिया. २०२३ मध्ये आणखी एका आढाव्यात ४६ शोधनिबंध जमले आणि नैराश्य व मानसिक ताण कमी होतो हा निष्कर्ष त्यांत सातत्याने आढळला. त्या ४६ पैकी काळानुसार माग ठेवणारे १९ होते, म्हणजे ४१ टक्के.

सगळ्यांत कडक चाळणी कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये लावली. प्रश्न फक्त ट्रान्स स्त्रियांच्या हार्मोनचा होता. १,०५७ संदर्भ सापडले, दुहेरी नोंदी काढल्यावर ७८७ उरले, १३ पूर्ण वाचले गेले, १२ बाद झाले, एक अजून सुरू होता. निकषात बसणारे पूर्ण झालेले अभ्यास: शून्य. या शून्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी ओढला जातो. औषध निरुपयोगी आहे, असे तो म्हणत नाही. तुलनेच्या गटासह नीट चाचणी झालेली नाही, एवढेच तो म्हणतो.

अशी चाचणी नैतिकदृष्ट्या अशक्य आहे, हा युक्तिवाद बरीच वर्षे चालला. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्यातून वाट काढली. ६४ जणांत चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्यांना लगेच टेस्टोस्टेरॉन, अर्ध्यांना नेहमीच्या प्रतीक्षा यादीप्रमाणे तीन महिन्यांनी. सुरुवातीला ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते, त्यांपैकी तीन महिन्यांत ते थांबलेले पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५ टक्के. वादात हा आकडा अनेकदा 'हार्मोन उपचारांचा' म्हणून फिरतो. तो टेस्टोस्टेरॉनचा आहे आणि इस्ट्रोजेनच्या खात्यात जमा करता येत नाही.

हा भेद क्षुल्लक नाही, हे त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासातून कळते. अमेरिकेतील चार केंद्रांनी १२ ते २० वयाच्या ३१५ जणांचा दोन वर्षे माग ठेवला. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जानेवारी २०२३ मध्ये तो छापून आला. एकूण गटात नैराश्य आणि चिंता कमी झाल्या, आयुष्याबद्दलचे समाधान वाढले. मथळे तिथेच थांबले. गट वेगळे केल्यावर ही सुधारणा जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्यांमध्ये दिसली. पुरुष म्हणून नोंद झालेल्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि समाधान या तिन्ही मापांत दखल घेण्याजोगा बदल नव्हता. आरशातले रूप आणि मनातले रूप जुळणे मात्र दोन्ही गटांत वाढले. ३१५ पैकी ११ जणांनी, म्हणजे ३.५ टक्क्यांनी, आत्महत्येचे विचार सांगितले. दोघांचा आत्महत्येने मृत्यू झाला.

रूप जुळू लागले, तरी मनःस्थितीचा आकडा का हलला नाही? संशोधकांनी दिलेली कारणे बघण्यासारखी आहेत. टेस्टोस्टेरॉनने आवाज फुटतो, दाढी येते, समोरच्याला फरक लवकर कळतो. इस्ट्रोजेनचे शारीरिक परिणाम पूर्ण व्हायला दोन ते पाच वर्षे लागू शकतात, आणि वयात येताना फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने मागे जात नाही. म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास एका गटाला प्रवासाच्या शेवटी मोजतो, तर दुसऱ्याला अधेमध्ये. दुसरे कारण समाजाचे आहे: ट्रान्स स्त्रीला रस्त्यात, कचेरीत, शाळेत जे सोसावे लागते ते ट्रान्स पुरुषाहून जास्त असू शकते. त्याचा डोस कोणी लिहून देत नाही, पण तो रोज मिळतो.

ॲमस्टरडॅमच्या नोंदी या दुसऱ्या कारणाशी सुसंगत आहेत. १९७२ ते २०१७ या काळात तिथल्या केंद्राकडे आलेल्या ८,२६३ जणांपैकी ४९ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. ५,१०७ ट्रान्स स्त्रियांपैकी ४१, म्हणजे ०.८ टक्के, ३,१५६ ट्रान्स पुरुषांपैकी ८, म्हणजे ०.३ टक्के. दर लाख व्यक्तिवर्षांमागे ६४ आणि २९. ट्रान्स स्त्रियांमधील दर दशकांगणिक किंचित उतरत गेला. मृत्यू उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर आढळले: औषध सुरू होण्याआधी, चालू असताना, सगळे पार पडल्यावरही. हे आकडे केंद्राकडे आलेल्या सर्वांचे आहेत, केवळ औषध घेतलेल्यांचे नाहीत. त्यामुळे हार्मोनला त्यातून दोष देता येत नाही आणि श्रेयही. स्वीडनच्या २,६७९ जणांच्या नोंदींतही हार्मोन सुरू करून किती वर्षे झाली याचा मानसिक आजारासाठी उपचार घेण्याशी संबंध सापडला नाही. त्याच निबंधाने शस्त्रक्रियेचा फायदा दिसतो म्हटले होते. २०२० च्या दुरुस्तीत तो निष्कर्ष मागे घ्यावा लागला.

आता विसंगती. प्रश्नावलीत ज्या गटाचा फायदा कमी दिसतो, तोच गट औषध जास्त चिकाटीने घेतो. अमेरिकी सैन्याच्या आरोग्य योजनेतील ९५२ जणांच्या औषधनोंदींवरील २०२२ चा अभ्यास सांगतो की, चार वर्षांनी ७०.२ टक्के जण हार्मोन घेत होते. ट्रान्स पुरुषांत ६४.४ टक्के, ट्रान्स स्त्रियांत ८१ टक्के. फरक १६.६ अंकांचा. काही ट्रान्स पुरुष आवाज आणि दाढी मिळाल्यावर थांबत असतील, कारण ते बदल टिकतात; इस्ट्रोजेनच्या बऱ्याच बदलांना औषध चालू लागते. पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. ज्या औषधाने मनाला काही मिळत नाही, ते पाचपैकी चार जणी चार वर्षे घेत राहतात, हे पटणे कठीण आहे. माझ्या मते नैराश्याची प्रश्नावली नैराश्य मोजते आणि या व्यक्तींना जे मिळते ते तिच्या रकान्यांत बसत नाही.

दुसरी विसंगती एंडोक्राइन सोसायटीच्या तक्त्यातील मनाच्या त्या एकमेव ओळीची. इच्छा कमी होते, असे तक्ता सांगतो आणि तिथेच सोडतो. युरोपातील अनेक केंद्रांच्या एनिजी या संयुक्त प्रकल्पाने ४०१ ट्रान्स स्त्रियांना ३६ महिने याबद्दल विचारणे चालू ठेवले. पहिल्या तीन महिन्यांत इच्छा खाली गेली. ३६ महिन्यांनी एकूण गुण आणि जोडीदाराबद्दलच्या इच्छेचे गुण सुरुवातीपेक्षा वर होते. एकटीच्या इच्छेचे गुण पूर्वीइतके झाले होते. टेस्टोस्टेरॉन या सगळ्या काळात दाबलेलेच होते. तिसऱ्या महिन्यात घाबरून निर्णय घेणाऱ्याला ३६ व्या महिन्याचा आलेख दाखवायला हवा.

तिसरी गोष्ट औषधांच्या जोडगोळीची. मन उदास झाले की बोट इस्ट्रोजेनकडे जाते. पण टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या सायप्रोटेरॉनच्या माहितीपत्रकात उदासी हा ज्ञात दुष्परिणाम आहे. एनिजीच्याच ८८२ ट्रान्स स्त्रियांच्या २०२१ च्या विश्लेषणात दिवसाला १० मिलिग्रॅमने टेस्टोस्टेरॉन जेवढे दबले, तेवढेच २५, ५० आणि १०० ने दबले. दहापट डोस, परिणाम तोच. उदासीची तक्रार घेऊन आलेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी आधी या डोसचा आकडा विचारावा.

आणि मेंदू. २००६ च्या डच अभ्यासात ८ ट्रान्स स्त्रियांच्या मेंदूचे आकारमान चार महिन्यांत सरासरी ३१ मिलिलिटरने घटले. निरोगी प्रौढांत ही घट वर्षाला सुमारे २.५ मिलिलिटर असते. आकडा दचकवणारा आहे, म्हणून तो खूप फिरतो. पण ८ हा ८ च राहतो, आणि आकारमानातील या बदलातून त्या आठ जणींना कसे वाटत होते हे कळत नाही.

भारतात पाया आणखी अरुंद आहे. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ जण होते, त्यांपैकी महाराष्ट्रात ४०,८९१, म्हणजे ८.४ टक्के. साक्षरता ५६ टक्के. तेव्हाचा देशाचा आकडा ७४ टक्के. २०१९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने हार्मोन उपचार आणि त्यांच्या आधीचे व नंतरचे समुपदेशन ही सरकारची जबाबदारी ठरवली. ऑगस्ट २०२२ च्या करारानुसार आयुष्मान भारतमध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली.

डॉक्टरांपर्यंत न पोचणाऱ्यांचा मार्ग औषधाच्या दुकानातून जातो आणि तिथे माला-डी सारखी गर्भनिरोधक गोळी मिळते. तिच्यात ०.०३ मिलिग्रॅम एथिनिलइस्ट्रॅडिओल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. एथिनिलइस्ट्रॅडिओल रक्तात गुठळी होण्याच्या धोक्यामुळे ट्रान्स स्त्रियांच्या उपचारांतून केव्हाच बाद झाले आहे. पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. सगळ्या ओळीने घेतल्या तर २८ पैकी ७ दिवस, म्हणजे २५ टक्के काळ, शरीराला बाहेरून हार्मोन मिळतच नाही आणि दर महिन्याला पातळी पडते. त्या आठवड्यात मन का बिघडते हे शोधायला रक्ताची चाचणी केली, तरी उपयोग नाही. इस्ट्रॅडिओलच्या नेहमीच्या चाचणीतून एथिनिलइस्ट्रॅडिओलची पातळी कळत नाही. अहवालात आकडा कमी येतो आणि गोळ्या घेणारी दुसऱ्या दिवसापासून एकाऐवजी दोन घेऊ लागते.