पुणतांब्याचा गळा, गोव्याचा ट्रंपेट

गोदावरी पुणतांब्यावरून, चांगदेवांच्या समाधीच्या गावावरून जाते, पैठण मागे टाकते आणि पुढे गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांच्या उत्तरेने बीड जिल्ह्याची शीव आखत परभणीकडे निघते. त्या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. संगीतकार म्हणून ते सी. रामचंद्र झाले, सुरुवातीच्या काही चित्रपटांत अण्णासाहेब, आणि तबकडीवर गायक म्हणून नुसते चितळकर. यांतल्या सी. रामचंद्रांवर भरपूर लिहून झाले आहे. चितळकरांच्या वाट्याला बहुधा ‘ते स्वतःही गात’ एवढे अर्धे वाक्य येते, आणि त्याला जोडून ‘हिंदी सिनेमातल्या रॉक अँड रोलचा जनक’ ही पदवी. ही पदवी मला घाईची वाटते. अमेरिकेत ज्याला बॅलड म्हणतात, म्हणजे संथ, एकाच भावनेला धरून राहणारे, कानाशी बोलावे तसे गाणे, त्याला आपल्याकडे सर्वांत जवळचा शब्द भावगीत. चितळकर मुळात त्या जातीचे गायक होते. उडता ठेका त्यांनी त्याच गळ्यावर पेलला, म्हणून तो टिकला. नुसत्या ठेक्याची गाणी त्या काळात थोडी नव्हती. ती आज कुणाला आठवत नाहीत.

त्यांची तालीम पाहिली तर ठेक्याचा मागमूस दिसत नाही. पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन, नागपुरात शंकरराव सप्रे, म्हणजे चोख ग्वाल्हेर वळणाचे शिक्षण. सिनेमात ते नायक व्हायला आले. ‘नागानंद’ (१९३५) मध्ये नायक झालेही, आणि चित्रपट पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हात बारीकसारीक भूमिका आणि बिंदू खाँ, हबीब खाँ या संगीतकारांना पेटीची साथ. हा पेटीवाल्याचा काळ चरित्रांत दोन ओळींत उरकला जातो, पण माझ्या मते पुढचे सगळे तिथे घडले. मैफलीत गवई रागाला वेळ देतो. स्टुडिओतल्या पेटीवाल्याला नट-नटीचा बेताचा गळा सांभाळून, शब्द कळतील इतकीच चाल वाजवावी लागते. चालीने माणसाच्या आवाक्यात राहावे हा धडा विनायकबुवांकडे मिळण्यासारखा नव्हता. संगीतकार म्हणून पहिली कामे तमिळ चित्रपटांची. हिंदीत त्यांना आणले मास्टर भगवान यांनी, ‘सुखी जीवन’मधून, १९४२ साली. गिरणी कामगाराच्या घरातले भगवान आणि नायक म्हणून हरलेले चितळकर, या जोडीचे पुढे काय होणार हे तेव्हा कुणी सांगितले असते तर हसण्यावारी गेले असते.

आता तारखांकडे पाहू, कारण ‘रॉक अँड रोल आणले’ या विधानाची गाठ तिथेच सुटते. फिल्मिस्तानचा ‘शहनाई’ १५ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या दिवशीच, प्रदर्शित झाला. त्यातल्या रविवारच्या भेटीच्या गाण्यात गिटार, हार्मोनिका आणि सॅक्सोफोन एकत्र आले, आणि चितळकरांच्या आवाजातला साहेबी थाटाचा प्रियकर देशी पोरीला गळ घालू लागला. त्या वेळी एल्विस प्रेस्ली बारा वर्षांचा होता. बिल हेलीने ज्या गाण्याने जग हलवले ते ध्वनिमुद्रित झाले एप्रिल १९५४ मध्ये. म्हणजे चितळकरांनी रॉक अँड रोलची नक्कल केली असे म्हणायला नक्कल करण्याजोगे काही अजून जन्मलेच नव्हते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणि नाचघरांत जे वाजत होते ते स्विंग आणि लॅटिन अमेरिकी नाचांचे संगीत. अमेरिकेत काळ्यांच्या ब्लूजचा मुख्य आधार आणि स्विंगचा वारसा घेऊन रॉक निघाले. इथे त्याच स्विंगच्या शिदोरीवर चितळकरांनी आपली चूल मांडली. दोघे चुलतभाऊ म्हणता येतील, बाप-लेक नाहीत.

ती शिदोरी त्यांना मिळाली गोव्याच्या वादकांकडून. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन किंवा ट्रंपेट धरायला शिकवत. मुंबईच्या स्टुडिओंत हीच मंडळी पोटापाण्याला आली. आपला संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी, गोव्याचा सहायक ती कागदावर उतरवी, कोणत्या कडव्याआधी कोणते वाद्य शिरेल ते मांडी, आणि समोरचा वाद्यवृंद कागद बघून वाजवी. चितळकरांच्या भोवतीच्या अशा लोकांत ठळक नाव चिक चॉकलेट यांचे. खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे, ट्रंपेट हातात घेतला की मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग. या व्यवस्थेत एक वाटणी आपोआप झाली: मुखडा आणि अंतरा गायकाचा, मधली जागा वाद्यांची. चितळकरांनी ही वाटणी फार काटेकोर पाळली. त्यांच्या नाचऱ्या गाण्यांतली वाद्ये मनातल्या मनात पुसून टाकली, नुसती चाल पेटीवर वाजवली, तर हाती येते ते कुठल्याही मेळ्यात किंवा घरगुती मैफलीत चालेल असे सुटसुटीत मराठी वळणाचे गाणे.

‘अलबेला’ (१९५१) हा याचा सर्वांत भक्कम पुरावा. भगवान दिग्दर्शक आणि नायक, समोर गीता बाली, गीते राजिंदर कृष्ण यांची. यातल्या ज्वाळेच्या गाण्यात बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा फौजफाटा आहे. पडद्यावर बेटांवरच्या लोकांचा वेश आणि भगवानदादांचा तो नाच, ज्यात पाय जवळजवळ जागेवरच आणि खांदे-मनगटे तेवढी बोलतात. आता आवाजाकडे कान द्या. लताबाई वरच्या पट्टीत ओढ घेतात आणि चितळकर खाली, बोलण्याच्या उंचीवर, शब्दाचा शेवट हलकेच सोडून देतात. बाजूने एवढी वाद्ये कडाडत असताना गायकाने आवाज चढवावा, असा कुणाचाही स्वभाव. हे चढवत नाहीत. मायक्रोफोन आहे तर ओरडायचे कशाला, हे त्यांना नेमके कळले होते. खिडकीखाली शीळ घालणाऱ्या प्रियकराच्या गाण्यातही तेच: थट्टा चालू, गळा शांत. आणि याच चित्रपटात, याच महिन्यांत बांधलेली पिलूतली अंगाई आहे. ज्याने बोंगो वाजवले त्याच माणसाने पाळणाही हलवला, आणि दोन्हीकडे चाल तितकीच कमी स्वरांत राहते. एकाच माणसाच्या ‘दोन बाजू’ वगैरे म्हणण्याची सवय आपल्याला तबकडीमुळे लागली असावी.

‘आझाद’ची (१९५५) हकिगत प्रसिद्ध आहे. निर्मात्याला गाणी अगदी थोड्या दिवसांत हवी होती; नौशादांनी नकार दिला आणि चितळकरांनी भराभर बांधून दिली. त्यातले हवापाण्याची तारीफ करणारे शांत युगुलगीत तलत महमूद गाणार होते, ते जमले नाही, तेव्हा चितळकरांनी स्वतःच लताबाईंसोबत गाऊन टाकले. आजही पुष्कळ श्रोते तो आवाज तलतचाच समजतात. यावर एक रास्त आक्षेप येतो: म्हणजे चितळकरांना स्वतःचा आवाज नव्हताच, भगवानसाठी भगवानसारखे, दिलीपकुमारसाठी तलतसारखे! मी हे वेगळे वाचतो. तलतचा कंप त्यात आहे, पण घोगऱ्या कडेचा तो जमिनीलगतचा पोत तलतकडे नव्हता. शिवाय ज्याला फक्त उडती गाणी जमतात तो तलतची जागा तासाभरात भरून काढू शकत नाही. तो मऊ गळा आधीपासून तयार होता, वापरायला कारण लागले एवढेच. उलट दिशेचे उदाहरण हवे तर रॉय ऑर्बिसन पाहा. टेक्सासचा हा गायक १९५६ मध्ये धावत्या गाण्याने पुढे आला, आणि १९६० मध्ये एकाकीपणाचे संथ गाणे गायले तेव्हा कुठे त्याला स्वतःचा गळा सापडला.

मोठा आक्षेप मात्र उचलेगिरीचा. ‘समाधी’ (१९५०) मधले गोऱ्या छैलछबिल्याचे गाणे कार्मेन मिरांडाने हॉलिवूडच्या चित्रपटात गायलेल्या लॅटिन चालीवरून आले, यात वाद नाही, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारणही नाही. उचलले ते उचललेच. पण मग हीच फूटपट्टी सगळ्यांना लावावी. एल्विसचे १९५६ चे सर्वांत कोमल प्रेमगीत १८६१ च्या एका अमेरिकी गाण्याची चाल आहे, शब्द तेवढे नवे. त्याला कुणी चोर म्हणत नाही, परंपरा म्हणतात. चितळकरांच्या बाबतीत प्रश्न असा विचारावा की उचललेल्या चालीवर त्यांची भिस्त किती होती. ‘अनारकली’तले (१९५३) भीमपलासातले गाणे किंवा हेमंतकुमारांसोबतचे बागेश्रीतले युगुलगीत त्यांनी कुठून आणले? शंभराहून अधिक चित्रपटांच्या पसाऱ्यात परक्या चाली मोजायला फार बोटे लागत नाहीत.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा होता आणि तो सरकारी होता. १९५२ पासून माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ चित्रपटगीतांवर खप्पा होते. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. केसकरांची शास्त्रीय संगीताबद्दलची तळमळ खरी होती, पण ज्यांना त्यांनी उथळ ठरवले त्यांतला एक जण विनायकबुवांच्या वर्गात बसून आलेला होता, ही त्यातली गंमत. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारने मागच्या दाराने माघार घेतली.

त्याच १९५७ साली चितळकरांचा ‘आशा’ आला आणि ‘ईना मीना डीका’. एव्हाना खरे रॉक अँड रोल मुंबईत पोहोचले होते, त्यामुळे हे गाणे त्या शिक्क्याला पात्र आहे. शब्दांची कथा अशी सांगतात की बाहेर मुले खेळताना राज्य कुणावर हे मोजत होती, त्यातून पहिले शब्द सुचले, आणि जॉन गोम्स या गोव्याच्या सहायकाने कोकणीतला ‘माका नाका’ त्यात घुसवला. इथे समीक्षक म्हणतात की अमेरिकेत रॉक म्हणजे तरुणांनी बापाविरुद्ध केलेले बंड; आपल्याकडे त्याचा पोरखेळ झाला. झाला खरा. पण बंड नव्हते हा दोष संगीतकाराचा कसा? १९५७ मध्ये इथल्या तरुणाकडे गाडी नव्हती, खिशात पैसा नव्हता, नोकरीची वाट बघणे होते. ‘अलबेला’चा नायक असाच किरकोळ नोकरीतला, नाटकाच्या वेडाचा, घरातून बाहेर पडलेला माणूस. त्याचे जाड अंग आणि चितळकरांचा साधा गळा एकमेकांना शोभले, कारण दोघेही ‘हिरो’सारखे नव्हते.

मराठवाड्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट उलगडते. बीड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. अंबाजोगाई निजामाच्या कागदोपत्री मोमिनाबाद होती, आणि शिकल्यासवरल्या माणसाची शाळा-कचेरी उर्दूत झालेली असे. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला ज्या शब्दांचा अर्थ विचारावा लागे, ते इथल्या माणसाच्या तोंडात होते. म्हणून राजिंदर कृष्णांच्या शब्दांवर चितळकरांनी चढवलेली व्याकुळ गाणी इथे नुसती ऐकली गेली नाहीत, कळली. ठेक्याची गाणी मात्र वेगळ्या वाटेने शिरली, ती बँडवाल्यांच्या. वरातीत क्लॅरिनेटवाला मुखडा धरतो, साइड ड्रम आणि ढोलकी ठेका देतात, आणि नवरदेवाचा मामा खांदे उडवू लागतो. तो भगवानदादांची नक्कल करतोय हे त्यालाही ठाऊक नसते. बँडवाल्याला गाणे निवडताना एकच कसोटी: शब्द नसताना चाल ओळखू आली पाहिजे. चितळकरांच्या चाली या परीक्षेत पहिल्या येतात. गोव्याचा ट्रंपेट काढून घेतला, लताबाई काढून घेतल्या, शब्दही काढून घेतले, तरी दोन स्वरांत लोक ओळखतात.

पुढचा काळ थोडक्यात सांगावा असाच आहे. लताबाईंशी फारकत झाली, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचे वारे सुटले, आणि ‘नवरंग’ (१९५९) नंतर कामे रोडावत गेली. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर प्रदीप यांचे शहीदांचे गीत लताबाईंनी नेहरूंसमोर गायले, त्याची चाल चितळकरांची. अनेकांना त्यांचे नाव तेवढ्यापुरते ठाऊक असते. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र १९७७ मध्ये आले, त्यातला कडवट सूर काहींना झोंबला. ५ जानेवारी १९८२ ला ते गेले.

पण त्याआधी ‘घरकुल’ (१९७०) येऊन गेला होता. सुरेश भटांच्या शब्दांवरचे आशाबाईंचे तारुण्याचे गाणे त्यातले, आणि गदिमांचे ‘पप्पा सांगा कुणाचे’ही त्यातलेच. हे दुसरे गाणे एखाद्या नामांकित पार्श्वगायकाला सहज देता आले असते. चितळकरांनी ते अरुण सरनाईकांकडून, म्हणजे पडद्यावरच्या पप्पांकडूनच, गाऊन घेतले. तेरा वर्षांपूर्वी मुलांच्या मोजणीतून त्यांनी नाचाचे गाणे काढले होते. या वेळी मुलांचा प्रश्नोत्तरांचा खेळ घेतला आणि त्याला बोंगो लावले नाहीत. दिवाणखान्यात बाप जसा गुणगुणेल तेवढ्याच पट्टीत ते ठेवले.