फोटो दाखवताना एक प्रश्न विचारा

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरी महिन्यातून एकदा हौशी छायाचित्रकार जमतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी इस्पितळात नोकरी करणारे, शिवाय कॉलेजची दोन-तीन मुलं. बहुतेकांचे फोटो पक्ष्यांचे आणि पाण्याचे असतात, कारण कुक्करहळ्ळी तलाव इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि रंगनथिट्टू तासाभराच्या आत गाठता येतं. बैठकीचा नियम एकच. प्रत्येकानं एकच फोटो आणायचा, तोही कागदावर छापून, आणि त्याच्याबरोबर एक प्रश्न.

प्रश्नाचा आग्रह मीच धरला. घरच्यांना फोटो दाखवला की ते प्रेमानं ‘छान’ म्हणतात, आणि ते प्रेम खरंच असतं. पण पुढच्या वेळी शटर किती ठेवायचं, कुठे उभं राहायचं, हे त्या ‘छान’मधून कळत नाही. ‘कसा वाटला?’ असं विचारलं तर उत्तरही तेवढंच ढोबळ मिळणार.

एका मुलीनं रंगनथिट्टूचा चित्रबलाक आणला होता. सतराव्या शतकात श्रीरंगपट्टणजवळ कावेरीवर बंधारा घातला गेला, त्यामुळे तिथे बेटं तयार झाली. सलीम अलींनी त्यांचं महत्त्व ओळखून म्हैसूरच्या राजांना सांगितलं आणि १९४० साली त्यांचं अभयारण्य झालं. पक्ष्यांना होड्यांची सवय आहे, त्यामुळे साध्या लेन्सनंही पक्षी बऱ्यापैकी मोठा मिळतो. तिचा प्रश्न नेमका होता : पांढरी पिसं चुन्याच्या भिंतीसारखी सपाट का दिसतात?

प्रश्न नेमका, म्हणून उत्तरही नेमकं मिळालं. चौकटीत गर्द झाडी आणि काळपट पाणी जास्त असलं की कॅमेरा सगळंच उजळ करू बघतो आणि त्यात पांढऱ्यातले बारकावे जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर थोडं उणे करावं, आणि हिस्टोग्राम उजव्या कडेला चिकटलेला नाही ना, हे होडीतच पाहून घ्यावं. होडी हलत असल्यानं ट्रायपॉडचा उपयोग नसतो, तेव्हा शटरचा वेग मात्र चढा ठेवावा. आणि शक्यतो सकाळची फेरी धरावी, कारण भर दुपारच्या उन्हात यातलं काहीच फारसं साधत नाही.

खरी मोलाची सूचना मात्र त्यानंतर आली. आमच्यातले एक काका कॅमेरा वापरतच नाहीत. त्यांची हौस पक्षी पाहण्याची. मूळ फाइल पाहताना ते म्हणाले, ‘‘अगं, चोचीत पानं असलेली हिरवी डहाळी आहे, ती तू कापलीस का? तो घरट्यात अंथरायला नेतोय ती.’’ पक्षी मोठा दिसावा म्हणून तिनं चौकट आवळली होती आणि त्यात डहाळीचं टोक गेलं होतं. मोकळी चौकट ठेवल्यावर तोच फोटो घरटं सजवणाऱ्या पक्ष्याचा झाला.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, फोटो कॅमेरावाल्याला दाखवाच, पण ज्याला तो पक्षी किंवा ते पाणी ठाऊक आहे त्यालाही दाखवा. शिवनसमुद्रजवळच्या भरचुक्की धबधब्याचा पावसाळ्यातला एक फोटो आमच्याकडे आला होता. शटर काही सेकंद उघडं ठेवून पाणी दुधासारखं केलेलं, रंग निळसर. कावेरीकाठी शेती असलेले एक गृहस्थ त्या दिवशी पाहुणे होते. ते म्हणाले, ‘‘आषाढात आमची नदी अशी नसते, तांबूस असते.’’ माझं माहेर सांगलीचं, कृष्णाकाठचं. त्यामुळे मला ते लगेच पटलं. पुरातली माती हे नदीचं त्या महिन्यातलं खरं रूप आहे आणि व्हाइट बॅलन्स ओढूनताणून ते धुऊन टाकू नये. शटरही आखूड चालतं. सेकंदाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात पाण्याला ओढ येते आणि त्याचे पदरही दिसत राहतात. ओल्या कातळावरची चमक पोलरायझर फिल्टरनं कमी होते, मग शेवाळाचा हिरवा रंग आपोआप उठून दिसतो.

सॅलोन म्हणजे छायाचित्रस्पर्धांतून गुण कळतात, कारण क्वचितच कळतं. परीक्षकांसमोर फोटो काही क्षणच असतो. स्पर्धेत जरूर भाग घ्या, पण शिकायला माणूस लागतो. बेंगळुरूचे टी. एन. ए. पेरुमाळ भारतातल्या मोठ्या वन्यजीव छायाचित्रकारांपैकी एक. तेही ओ. सी. एडवर्ड्स यांच्या हाताखाली घडले आणि पुढे त्यांनी अनेक तरुणांना घडवलं. कर्नाटकातल्या निसर्ग-छायाचित्रणाचा दर्जा असा माणसाकडून माणसाकडे गेला आहे.

निसर्गाच्या फोटोवर बोलताना एक प्रश्न मात्र पाहणाऱ्यानं विचारायलाच हवा : इतक्या जवळ कसे गेलात? घरट्यावरचा पक्षी उठला, पिल्लं उन्हात उघडी पडली, तर तो फोटो कितीही रेखीव असला तरी आम्ही बाजूला ठेवतो. अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. रंगनथिट्टूत होडीतून दिसणारी वसाहत वेगळी आणि फांद्या बाजूला सारून टिपलेलं घरटं वेगळं, एवढा फरक नवशिक्यालाही समजावून सांगता येतो.

ऐकणाऱ्यानं आधी स्पष्टीकरण देऊ नये, हेही आम्ही पाळतो. पहाटे किती वाजता उठलो, चिखलात किती वेळ बसलो, हे समोरच्याला फोटोत दिसत नसतं. सांगणाऱ्यानंही आधी आपल्याला काय दिसलं तेवढंच सांगावं : नजर प्रथम कुठे गेली, कुठे अडली, पाण्याची रेषा तिरकी वाटली का. आवडनिवड नंतर.

तुमच्या गावात तळं असेल, नदीचा घाट असेल, तर चार जण जमवा. एक कॅमेऱ्यातला जाणकार, एक पक्षी ओळखणारा, एक त्या पाण्यावर रोज जाणारा कोळी किंवा नावाडी, आणि एक यातलं काहीच न जाणणारा. पोस्टकार्डाएवढा एक फोटो छापून घ्या, त्यामागे तुमचा प्रश्न लिहा आणि त्यांच्या हातात द्या.