आई-बाबा, वन बीएचके आणि मी

नोकरीसाठी मुंबईत आलो, भाड्याच्या घरात रुळलो, विरार फास्टमध्ये उलटं उभं राहायला शिकलो. आणि मग एके दिवशी गावाहून फोन येतो, ‘आम्ही यायचं म्हणतोय!’ आता घर आवरायचं की स्वतःला? अंधेरीतल्या आठ दिवसांची ही गोष्ट...

‘अगं, रिझर्व्हेशन झालंय. रविवारी पहाटे पोचतोय. तू काही करू नकोस हं आमच्यासाठी!’

आईच्या तोंडून हे शेवटचं वाक्य आलं की समजायचं, आता सगळं करायचंय. शुक्रवारची रात्र होती. हातात जेमतेम एक दिवस. आणि घर म्हणजे काय, तर अंधेरी वेस्टला तिसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके आणि त्यात आम्ही तिघी. एक इंदूरची, एक लखनौची आणि मी तासगावची. बेडरूम दोघींची, हॉल माझा. हॉल म्हणजे एक गादी, एक घडीचं टेबल, कपड्यांचा स्टँड आणि खिडकीत सुकत चाललेलं मनी प्लांट. यात आई-बाबांना ठेवायचं कुठे?

तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. आपल्यासारख्यांच्या मुंबईत पाहुणा म्हणजे आधी गणित. माणसं किती, गाद्या किती, बाथरूम एक. मुलुंडच्या माझ्या एका मैत्रिणीकडे आई-वडील आले की ती स्वतः मावशीकडे झोपायला जाते. बोरिवलीतला एक मित्र मंडपवाल्याकडून गाद्या भाड्याने आणतो. लग्नाच्या सीझनला त्या मिळत नाहीत, म्हणून त्यानं घरच्यांना ‘मे महिन्यात येऊ नका’ असं स्पष्ट सांगितलंय. आणि घाटकोपरच्या एकीनं तर तीन वर्षांत आई-बाबांना बोलावलंच नाही. दर दिवाळीला तीच गावी जाते. ‘त्यांना इथे करमणार नाही,’ म्हणते. खरं कारण मला माहीत आहे. तुम्हालाही असेल.

मिशन गादी

इंदूरवाली देवासारखी धावून आली. आठवडाभर मालाडला मैत्रिणीकडे राहते म्हणाली. म्हणजे बेडवर आई आणि लखनौवाली, हॉलमध्ये बाबा, आणि मी किचनच्या दाराशी चटई टाकून. शेअरिंगच्या घरातले हे उपकार कुठल्या वहीत लिहिलेले नसतात, पण फेडावे बरोबर लागतात. तिचे आई-बाबा येतील तेव्हा मालाडला जायची पाळी माझी.

मग घरमालकाला फोन. आपल्या त्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या कागदात एक कलम हमखास असतं, रात्री पाहुणा राहणार असेल तर आधी सांगायचं. ‘पेरेंट्सच आहेत ना?’ त्यांनी दोनदा विचारलं. सख्ख्या आई-वडिलांना घरी आणण्यासाठी परवानगी मागताना कसं वाटतं, ते भाडेकरूच जाणे!

रविवारी पहाटे साडेपाचला हायवेवर एसटी थांबली आणि आधी तीन पिशव्या उतरल्या, मग माणसं. भडंग, बेदाणे, ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी. रिक्षात पिशव्या नीट बसल्या, आम्ही तिघं कसेबसे. घरात शिरल्यावर बाबांनी चप्पल काढता काढता सगळं घर बघून घेतलं. त्याला वेळच किती लागणार! ‘छान आहे की,’ म्हणाले. माझ्या वाट्याचं भाडं ऐकल्यावर मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. तेवढ्यात तासगावात अंगणासकट घर मिळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मोबाइल वाजला. सोसायटीचं गेटवरचं अ‍ॅप. बाबा पेपर आणायला खाली उतरले होते, तेवढ्यात वॉचमनची पाळी बदललेली. स्क्रीनवर बाबांचा फोटो, घामेजलेला, थोडा गोंधळलेला, आणि खाली दोन बटणं : अलाऊ की डिनाय? तासगावात आमचं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री दहाला लागतं. मी घाईघाईनं अलाऊ दाबलं. बाबा संध्याकाळी आईला कौतुकानं सांगत होते, ‘पोरगीनं ऑफिसातनं बटण दाबलं आणि आपल्याला इथं गेट उघडलं!’

ऑफिसातून. हं. त्या ऑफिसकडे नंतर येते.

कमान पाहुण्यांची

पाहुणे आले की मुंबई दाखवायची, हा अलिखित नियम. माझी यादी तयार होती : गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी. बाबांना लोकलच्या गर्दीत घालायची हिंमत नव्हती, म्हणून मेट्रोचा प्लॅन केला. आझादनगरहून मेट्रो वन, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो तीन. ही लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि आम्हा उपनगरवाल्यांचं साऊथ मुंबईचं अंतर एकदम कमी झालं. एसी, स्वच्छ, बसायला जागा. आईला फक्त सरकत्या जिन्याची धास्ती. प्रत्येक स्टेशनवर ती पदर खोचून, माझा दंड धरून, उडी मारल्यासारखी पाऊल टाकायची आणि वर पोचल्यावर मागं वळून जिन्याकडे असं बघायची, की जसं त्याला हरवलंय.

बाबा मात्र नाराज. खिडकीतून काळोखाशिवाय काही दिसेना. हुतात्मा चौकाला बाहेर आल्यावर म्हणाले, ‘मुंबई बघायला आलो आणि बोगदा बघितला.’

गेटवेसमोर मी गाइडच्या थाटात माहिती सांगितली. ही कमान मुळात पाहुण्यांसाठीच बांधलेली. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात इथे उतरले, त्याची आठवण. गंमत अशी, की पायाचा दगडच बसला १९१३ मध्ये आणि कमान पुरी झाली १९२४ मध्ये. म्हणजे राजा आला तेव्हा इथे नुसती पुठ्ठ्याची सजावट. पाहुणे परत गेल्यावर तेरा वर्षांनी आमची तयारी पूर्ण! मला हा किस्सा फार आवडतो. पाहुणा दारात आणि आपण अजून सोफ्याखाली पसारा ढकलतोय, ही मुंबईची परंपरा जुनी आहे.

आई हसली. बाबा हसले नाहीत, ते माझ्याकडे बघत होते. ‘एवढं फिरवतेस, तुझी रजा नाही का होत?’

‘वर्क फ्रॉम होम टाकलंय आज,’ मी म्हणाले.

बाईसाहेब ऑफिसला

तर ते ऑफिस. मी पाच महिन्यांपूर्वी नोकरी सोडली होती. एका न्यूज वेबसाइटच्या डेस्कवर चार वर्षं होते. पगार बरा होता, पण स्वतःचं लिहायला वेळ उरत नव्हता. म्हणून फ्रीलान्सिंग. निर्णय माझा, हौसेनं घेतलेला. फक्त घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी माझ्या मास कम्युनिकेशनच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं. ‘टीव्हीवाल्यांचं शिक्षण’ असं नातेवाइकांना समजावून सांगितलेलं. त्यांना ‘आता पगार नाही, लेख छापून आला की दोन महिन्यांनी पैसे येतात, कधी कधी तीन’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग सोमवारपासून रोज साडेनऊला मी तयार होऊन बाहेर पडायचे. गळ्यात जुनं आयकार्ड, खांद्याला लॅपटॉप, हातात आईनं दिलेला डबा. आणि जायचे कुठे? दोन गल्ल्या सोडून एका कॉफी शॉपमध्ये. एका कॉफीवर चार तास बसायचं तंत्र असतं : कप पूर्ण संपवायचा नाही, तळाशी घोटभर ठेवायचा. डबा तिथे उघडता यायचा नाही. म्हणून दुपारी मेट्रो स्टेशनखालच्या कठड्यावर बसून भाकरी-पिठलं खायचे. संध्याकाळी सात वाजता दमलेला चेहरा करून घरी. तो चेहरा करावा लागत नव्हता, हेही खरं.

इकडे घरात आईनं ताबा घेतला होता. डबे नव्यानं लावले, गॅसची शेगडी घासली, आमच्या पोळीवाल्या मावशींशी एक दिवस अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलीच्या लग्नाचं सगळं विचारून घेतलं. लखनौवालीला पिठलं शिकवलं. तिला मराठी येत नाही, आईला हिंदी बेताचं. तरी रात्री दोघी बेडवर कुजबुजत असायच्या. मी चार वर्षं त्या मुलीबरोबर राहतेय, तिचे वडील नाहीत हे मला आईकडून कळलं. मनात आलं, पाहुणी नक्की कोण आहे इथे?

काळा दगड

शनिवारी बाबा म्हणाले, ‘आता तुझी मुंबई पुरे. माझी बघू.’ खिशातून कागद काढला. त्यावर एकच नाव, गिल्बर्ट हिल.

गिल्बर्ट हिल आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. मी कधी गेले नव्हते. रिक्षावाल्यांना पत्ता सांगताना त्या रोडचं नाव घ्यायचे, तेवढंच. बाबांनी मात्र तीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवलाय. दख्खनचं पठार, लाव्हाचे थर, बेसॉल्ट, फळ्यावर रंगीत खडूनं. आणि इथे बिल्डिंगा आणि झोपड्यांच्या मधून एकदम सुमारे साठ मीटर उंचीचा काळा कडा उभा. उभ्या उभ्या खांबांची जुडी बांधून ठेवावी तसा.

बाबा थांबले. मान वर करून बघतच राहिले. मग सुरू झाले, रस्त्यातच, नववीच्या वर्गात शिकवतात तसे. लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला उभे तडे जातात, आणि असे स्तंभ तयार होतात. वय सहा-साडेसहा कोटी वर्षं. अमेरिकेत वायोमिंगला डेव्हिल्स टॉवर आहे, त्यातलाच हा प्रकार. ‘लोक तिकीट काढून अमेरिकेत बघायला जातात. तू याच्या शेजारी झोपतेस!’ दोन पोरं सायकली थांबवून ऐकायला लागली.

वर गावदेवीचं देऊळ आहे, दगडातल्या पायऱ्या चढून जायचं. आई गुडघे धरून, देवीचं नाव घेत चढली आणि देवळात टेकली. आम्ही कठड्याशी. खाली सगळी अंधेरी.

बाबा म्हणाले, ‘मी मुंबईला पहिल्यांदा आलो १९८२ च्या मे महिन्यात. बारावीची परीक्षा देऊन. लालबागला काकांकडं.’

त्यांचे हे काका गिरणीत होते, एवढं मला माहीत होतं. घाटावरून, कोकणातून आलेल्या त्या पिढीकडे दहा बाय बाराची खोली असायची आणि तिच्यात गावाकडचा कुणीही, कधीही यायचा. कुणी नोकरी शोधायला, कुणी केईएमला दाखवायला. काही गावांनी तर आपल्या माणसांसाठी वर्गणीतून खोल्याच घेऊन ठेवलेल्या. कुणी विचारायचं नाही, किती दिवस?

पण १९८२ चा मे म्हणजे संपाचे दिवस. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. ‘काकांनी गावाकडं कळवलेलं, कुर्ल्याला वर्कशॉपमध्ये काम मिळालंय. रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचे. काकू मला रोज चहाबरोबर बटर द्यायची. पंधरा दिवस राहिलो. एकदा दुपारी फिरत फिरत भारतमाता टॉकीजपाशी गेलो. तर काका एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून डबा खात होते.’

‘मग?’

‘मग काय? मी मागं फिरलो. त्यांनी बघितलं नाही. संध्याकाळी आले, दमल्यासारखे. मीही विचारलं नाही, काम कसं चाललंय.’ बाबा जरा थांबले. ‘विचारायला पायजे होतं. ते बटर तरी नको म्हणालो असतो.’

खाली कुठेतरी अजान सुरू झाली, देवळात कुणीतरी घंटा वाजवली. माझे कान गरम झाले होते. बाबा खांबांकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

‘बाबा, मी नोकरी सोडलीय.’

‘हं.’

‘पाच महिने झाले.’

‘वॉचमन म्हणाला मंगळवारीच. मॅडम तर घरूनच काम करतात, म्हणाला.’

मंगळवारी! म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस आई मला डबा भरून देत होती आणि मी आयकार्ड घालून निघत होते, आणि त्या दोघांना ठाऊक होतं. देवळातून आई बाहेर आली, हातात साखरफुटाण्याचा प्रसाद. आमच्या दोघांची तोंडं बघून तिला कळलं. तिनं आधी माझ्या हातावर प्रसाद ठेवला, मग म्हणाली, ‘ती कॉफी कितीला मिळते गं तिथं?’

मी आकडा सांगितला. तिनं देवळाकडे बघून हात जोडले.

रविवारी सकाळी जाग आली तर घडीचं टेबल खिडकीशी लावलेलं. वरचे भडंगाचे डबे खाली उतरवलेले, पुसून लख्ख, मनी प्लांटला पाणी घातलेलं. रात्रीची एसटी होती, दिवस हातात होता आणि माझा एक लेख सोमवारी द्यायचा राहिला होता. ‘बस इथं,’ आई म्हणाली. ‘आमचा आवाज नाही व्हायचा.’ आणि तिनं मिक्सर लावला.

बाबा पेपर घेऊन दाराशी बसले होते. अर्ध्या तासानं त्यांनी चष्मा वर केला.

‘फ्रीलान्सला मराठीत काय म्हणायचं? गावात विचारतील.’

‘मुक्त पत्रकार.’

त्यांनी दोनदा पुटपुटून बघितलं.

‘मुक्त नको,’ म्हणाले. ‘नुसतं पत्रकार सांगतो.’