नाकावर विसंबू नका: घरातला गॅस लीक होतोय का, ते असं तपासा

‘अरे, गॅसचा वास येतोय का?’ असं कुणीतरी विचारतं आणि सगळं घर नाक वर करून हुंगायला लागतं. आता गंमत बघा. घरात सिलिंडर असेल तर गॅस वर नसतोच. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो जमिनीलगत, ओट्याखालच्या कपाटात, फ्रीजच्या मागे साचतो. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हलका, छताकडे जातो.

आणि तो वास गॅसचा नाहीच बरं का! गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं रसायन मुद्दाम मिसळतात. १९३७ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस इमारतीखाली साचत राहिला, कुणाला पत्ताच नाही. स्फोटात सुमारे ३०० जण गेले, बहुतेक लहान मुलं. त्यानंतर तिथे गॅसला वास देणं कायद्याने बंधनकारक झालं.

पण नाक सरावतं. त्याच खोलीत बसून राहिलात, तर थोड्या वेळाने तो वास येईनासा होतो. सर्दी असेल तर विचारूच नका. म्हणून खरी तपासणी साबणाच्या पाण्याने.

वाटीभर पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून फेस करा. शेगडीची सगळी बटणं बंद, रेग्युलेटर चालू. मग स्पंजने तो फेस सिलिंडरच्या तोंडाशी, रेग्युलेटरला नळी जोडली आहे तिथे, अख्ख्या नळीवर आणि शेगडीमागच्या जोडावर लावा. बुडबुडे फुगत राहिले की तिथे गळती आहे. रेग्युलेटर बंद करा आणि एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा. टेप किंवा एम-सील लावून भागवू नका. आणि काडी पेटवून बघणारे काका अजूनही आहेत, त्यांना आधी किचनबाहेर काढा!

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर नळी आजच बघा. ती कधी बसवली, हे घरमालकालाही आठवत नसतं. नारिंगी ‘सुरक्षा’ नळीच्या आत तारांची जाळी असते, तरी ती पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. जुनी हिरवी रबरी नळी असेल, तर तारीख शोधत बसू नका, सरळ बदला. उंदीर ती सहज कुरतडतात.

पीएनजीवाल्यांकडे आणखी एक सोपी युक्ती आहे. रात्री शेगडी, गीझर सगळं बंद केलं की मीटरचा फोटो काढा. सकाळी चहा ठेवण्याआधी पुन्हा काढा. आकडा हलला असेल, तर मीटरनंतर कुठेतरी गॅस जातोय.

आणि वास जोरात येत असेल, तर ही तपासणी वगैरे काही नाही. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनला हात लावू नका. दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या-दारं उघडी, सगळे बाहेर. फोनही बाहेर जाऊनच लावा. एलपीजीसाठी १९०६, चोवीस तास चालू असतो. पीएनजीचा इमर्जन्सी नंबर तुमच्या बिलावर असतो, तो आत्ताच सेव्ह करून ठेवा.