राखणदाराचा कोड तुम्हाला ठाऊक आहे का?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावाला जायचं ठरलं, की आपल्या डोक्यात एकच यादी फिरायला लागते. गॅस बंद केला का? मागच्या दाराची कडी लावली का? पाण्याची मोटार? पूर्वी यातली अर्धी काळजी शेजारी वाहायचे. ओट्याला ओटा लागून होता, अन् दुपारभर कुणी ना कुणी दारात धान्य निवडत बसलेलं असायचं. आता तालुक्याच्या गावांतही कॉलन्या झाल्या. प्रत्येक घराला कंपाउंड, गेट आणि दिवसभर कुलूप. म्हणून आता इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिक्सर-इस्त्रीच्या शेजारी घराच्या अलार्मचे खोकेही दिसतात.

आमच्या गल्लीत एका बंद घराचा कडी-कोयंडा तुटला आणि आम्हीही तो खोका घरी आणला. ह्यांची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, घरी येणं शनिवारी. एरवी घरात आम्ही तिघीच. मी, सासूबाई आणि दहावीतली लेक. दुकानातला मुलगा आला, तासाभरात सगळं ठोकून मोकळा झाला. निघताना म्हणाला, "वहिनी, पहिला नंबर साहेबांचा टाकलाय. काही झालं की त्यांना फोन जाईल. कोडपण त्यांना सांगितलाय."

मी म्हटलं, "अरे, साहेब दीडशे किलोमीटरवर. ते तिथून काय करणार? मलाच फोन करणार ना?"

तो हसला. पण मैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे. घरात सर्वांत जास्त वेळ आपण असतो. रात्री खुट्ट झालं तरी आपणच उठतो. आणि घराच्या राखणदाराचा कोड मात्र आपल्यालाच माहीत नसतो! "मशीनचं काम, ह्यांना विचारा," असं म्हणायची आपल्याला सवय लागलेली आहे.

खरं तर घराच्या सुरक्षेच्या यंत्रणेमागे एक बाईच आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची नर्स राहायची. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे अवेळी घरात एकटं राहायचं आणि दार वाजलं की धसका घ्यायचा. तिने इलेक्ट्रॉनिक्सचं काम जाणणाऱ्या नवऱ्याच्या, अल्बर्टच्या मदतीने एक यंत्रणा आखली. दाराला एकाखाली एक चार भोकं, त्यातून बघणारा कॅमेरा, दाराबाहेरचा माणूस आतल्या टीव्हीवर दिसणार, त्याच्याशी बोलता येणार आणि बटण दाबून दार उघडता किंवा मदत मागता येणार. १९६६ मध्ये तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. भीती जिला होती, तिनेच उपाय शोधला!

मग एका रविवारी दुपारी लेकीला आणि माहितीपुस्तिकेला घेऊन मी बसले. वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. यात मुख्य चीज म्हणजे पॅनेल. तो या सगळ्याचा मेंदू. त्यात मोबाइलसारखं सिम असतं आणि वीज गेली तरी काही तास चालेल अशी बॅटरी. दाराला लागतो तो चुंबकाचा सेन्सर. एक तुकडा चौकटीवर, एक दारावर. दार उघडलं, चुंबक लांब गेलं, की पॅनेलला निरोप जातो. दोन्ही तुकड्यांतलं अंतर एखाद्या सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. दार लोखंडी असेल तर खाली लाकडाची पट्टी लावा, नाहीतर चुंबकाचा जोर कमी होतो.

दुसरा सेन्सर खोलीतली हालचाल टिपणारा. तो कॅमेरा नव्हे, त्याला फोटो दिसत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता हलताना त्याला कळते. म्हणून तो कोपऱ्यात साधारण सात फुटांवर लावायचा. खिडकीच्या उन्हासमोर किंवा गॅसच्या शेगडीसमोर नको. आणि आपल्याकडचा खास पाहुणा म्हणजे पाल! ती नेमकी सेन्सरच्या काचेवर येऊन बसली की भोंगा वाजू शकतो. अधूनमधून कापड फिरवून तो भाग स्वच्छ ठेवा.

आता प्रोग्रॅमिंग. शब्द मोठा आहे, काम मोबाइलमध्ये नंबर साठवण्याइतकंच. आधी कंपनीचा कोड बदला. आमच्या पॅनेलचा होता १२३४. हा कोड बसवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. जन्मसाल किंवा गाडीचा नंबरही नको. मग प्रत्येक सेन्सरला 'झोन' द्यायचा. पुढच्या दाराला उशिराचा झोन, म्हणजे आपण आत येऊन कोड दाबेपर्यंत तीसेक सेकंद तो थांबतो. मागचं दार आणि गच्चीचं दार यांना लगेच वाजणारा झोन. तिसरा चोवीस तासांचा झोन. धुराचा सेन्सर, गॅसगळतीचा सेन्सर आणि मदतीचं बटण यात घालायचं. अलार्म बंद असला तरी हा झोन जागाच असतो.

यातली एक गोष्ट आम्हाला सासूबाईंनी शिकवली. दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं, रात्री सगळं चालू करून झोपा. पहाटे पाचला आई पारिजातकाची फुलं वेचायला उठल्या आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच भोंगा! सगळी कॉलनी जागी. आई थरथरत म्हणाल्या, "अगं, माझ्याच घरात मी चोर झाले गं!" पुस्तिकेत बघितलं तर त्यावर उपाय होताच. 'होम' नावाचं बटण. ते दाबलं की दारं-खिडक्यांचे सेन्सर जागे राहतात आणि घरातल्या हालचालीचे झोपतात. घरात म्हातारी माणसं असतील तर रात्री हेच बटण. आईंना ओळखू यावं म्हणून रिमोटच्या त्या बटणावर मी लाल टिकली चिकटवली.

आणि सर्वांत महत्त्वाचे फोन नंबर. पॅनेलमध्ये पाच-सहा नंबर साठवता येतात आणि तो क्रमाने एकेकाला फोन लावतो. पहिला नंबर पायी धावत येऊ शकेल अशा माणसाचा हवा. मी पहिला घातला शेजारच्या काकूंचा, त्यांना विचारून आणि घराची एक किल्ली देऊन. दुसरा माझा, तिसरा गल्लीतल्या मेडिकलवाल्या दादांचा. ह्यांचा चौथा. हे आधी जरा खट्टू झाले. "घर माझं आणि नंबर चौथा?"

फेब्रुवारीत त्याचं उत्तर मिळालं. मी कामावर, लेक शाळेत. आई बाथरूममध्ये घसरल्या. मोबाइल राहिला देवघरात, पण मदतीचं छोटं बटण मी त्यांच्या गळ्यात दोऱ्यात अडकवलं होतं. ते त्यांनी दाबलं. काकू किल्ली घेऊन चार-पाच मिनिटांत पोचल्या. मी पोचले तोवर आई पलंगावर होत्या, हातात चहा होता. मनगट मोडलं, बाकी निभावलं. चोरासाठी आणलेला अलार्म वाजला आईंसाठी. त्या संध्याकाळी ह्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "चौथाच राहू दे."

एक मात्र आहे. अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त ओरडतो. त्याचं ओरडणं ऐकून कुणी यायला हवं. कुलूप, कडी-कोयंडा दणकट हवेतच. दागिने लॉकरमध्येच बरे. जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे लॉकरमधलं काही गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. दागिन्यांची किंमत त्याहून जास्त असेल तर त्यांचा वेगळा विमा काढायचा विचार करा.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी अलार्म असेल तर आज संध्याकाळी त्याच्यासमोर उभ्या राहा. कोड स्वतः दाबून बघा. येत नसेल तर शिकून घ्या. राखणदार घरात राहणाऱ्यांना ओळखणारा हवा ना?

हे विसरू नका

• पॅनेलच्या सिमला वेळेवर रिचार्ज मारा. सिम बंद, तर फोन बंद.
• पॅनेल टू-जीवर चालतो की फोर-जीवर, हे घेतानाच विचारा. जिओचं टू-जी नेटवर्क नाही, त्यामुळे टू-जी पॅनेलमध्ये ते सिम चालत नाही.
• सिमला पिन लॉक असेल तर आधी मोबाइलमध्ये घालून काढून टाका.
• महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना सांगून अलार्म वाजवून बघा. सेन्सरचे सेलही तपासा.
• कोडच्या बटणांवर पिठाचे, हळदीचे डाग राहू देऊ नका. कोणते आकडे दाबले जातात, ते त्यावरून कळतं.
• कामवाल्या मावशी किंवा भाडेकरू बदलले, की कोड बदला.
• घराबाहेरून आल्यावर दार उघडं दिसलं तर आत शिरू नका. शेजारी थांबा आणि ११२ वर फोन करा.