तांडवरोग (कोरिया) : निदानातील सावधता आणि चिकित्सेतील विवेक

काही वर्षांपूर्वी कात्रज येथील आमच्या चिकित्सालयात एका नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तिची आई आली. मुलीच्या हातातून पेला निसटत असे, अक्षर बिघडले होते आणि ती मुद्दाम तोंड वेडेवाकडे करते म्हणून शाळेत शिक्षाही झाली होती. आम्ही त्यास वेपथु समजून कपिकच्छू चूर्ण दुधातून सुरू केले. आठव्या दिवशी तिला घासही तोंडापर्यंत नेता येईना. हा परिणाम औषधाचाच होता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु आमचे निदान चुकले होते, हे निश्चित. पुन्हा मुळापासून विचारपूस करता तीन महिन्यांपूर्वी ताप येऊन घसा धरल्याचे कळले. टू-डी इको तपासणीत हृदयाच्या झडपेचा दोष आढळला. या अनुभवातून जे शिकलो, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

नाव व स्वरूप

'कोरिया' या ग्रीक मूळाच्या शब्दाचा अर्थ नृत्य. आपल्याकडील उत्तरकालीन ग्रंथांतील 'तांडवरोग' ही संज्ञाही तेच सुचविते. चरकसंहितेत या नावाचा स्वतंत्र अध्याय नाही; म्हणून वातव्याधीच्या सूत्रानेच त्याचा विचार करावा लागतो. चल गुणाने वाढलेला व्यान वायू आणि मज्जावह स्रोतसाची दुष्टी, अशी संप्राप्ती आम्ही मानतो. कंपात हालचाल तालबद्ध असते. तांडवात ती अनियमित, अनपेक्षित व एका अवयवातून दुसऱ्यात वाहत जाणारी असते. झोपेत ती बहुधा शमते आणि मनःक्षोभाने वाढते.

कारणे

बालकांतील प्रमुख प्रकार सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये वर्णिला. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजल्यानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील बेसल गँग्लिया या भागावर उलटते. हा आमवातिक ज्वराचाच एक आविष्कार होय. पाच ते पंधरा वर्षे वयोगटात, त्यातही मुलींत तो अधिक दिसतो. दाटीवाटीच्या वस्तीत या जंतूंचा फैलाव सहज होतो.

प्रौढांत हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये वर्णिलेला आनुवंशिक प्रकार आढळतो. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते; त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले. याखेरीज विल्सनचा विकार, थायरॉइडची अतिक्रियता, ल्यूपस, गर्भावस्था, वृद्धांतील अनियंत्रित मधुमेह आणि काही औषधे हीही कारणे आहेत.

परीक्षण

रुग्णास जीभ बाहेर काढून धरण्यास सांगावे. ती आत-बाहेर होते. आपली बोटे घट्ट धरण्यास सांगावे. धार काढताना व्हावी तशी पकड घट्ट-सैल होते. हात डोक्यावर उचलले असता तळवे बाहेर वळतात. मुलगा किंवा मुलगी अकारण रडते, चिडते, हाही लक्षणांचाच भाग होय.

घसादुखीनंतर एक ते सहा महिन्यांनी हा विकार प्रकटत असल्याने तोवर ए.एस.ओ. तपासणी सामान्य येऊ शकते. तेवढ्यावरून आमवातिक ज्वर नाकारू नये. स्टेथोस्कोपने मर्मर ऐकू न आला तरी टू-डी इको करून घ्यावाच. तरुण रुग्णांत यकृत तपासावे आणि डोळ्यांच्या बुबुळाभोवती ताम्रवर्णी कडे आहे का, हे नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे.

चिकित्सा

सिडनहॅम प्रकारात पेनिसिलीनला पर्याय नाही. तीव्र अवस्थेनंतरही दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचे इंजेक्शन किमान पाच वर्षे, हृदयदोष असल्यास दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ द्यावे लागते. हालचाली थांबल्या म्हणजे रोग गेला, असे समजून पालक ती सोडतात आणि पुढच्या आघातात झडपा निकामी होऊ लागतात.

याच्या जोडीला बलातैल वा क्षीरबला तैलाचा अभ्यंग, मृदू स्वेदन, ब्राह्मी घृत व जटामांसी हे उपाय आम्ही पूरक म्हणून योजतो. मात्र हा प्रकार बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. त्याचे श्रेय आपल्या कल्पास देताना संयम असावा.

तीन द्रव्यांविषयी विशेष सावधता हवी. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असते. कंपवातात ते हितकर, परंतु तांडवात डोपामीनचा प्रभाव आधीच अधिक असल्याने हालचाली वाढू शकतात. विल्सनच्या विकारात शरीरात तांबे साचते. यकृतविकार म्हणून आपण सहज देतो त्या आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म असते, हे विसरू नये. सर्पगंधेची कथा उलट आहे. गणनाथ सेन व बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन वेगळे झाले. अमेरिकेत २००८ मध्ये हंटिंग्टनच्या कोरियासाठी मान्य झालेले टेट्राबेनाझीन बऱ्याच अंशी त्याच मार्गाने, म्हणजे डोपामीनचे साठे रिते करून, कार्य करते. परंतु दोहोंनी विषाद व रक्तदाबाची घट संभवते. हंटिंग्टनच्या रुग्णांत आत्महत्येचा धोका मुळातच असतो. म्हणून सर्पगंधा स्वतःच्या जबाबदारीवर योजू नये.

निवेदन

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की 'हात थरथरतात' म्हणून कोणी कपिकच्छूचे चूर्ण वा पाक मागितल्यास ते बांधून देण्यापूर्वी रुग्णाचे वय विचारावे. बालक असल्यास वैद्याकडे पाठवावे. ती मुलगी आज नियमित इंजेक्शन घेते आणि स्वच्छ अक्षरात लिहिते. तिच्या वहीकडे पाहताना आम्हास तो पहिला आठवडा आठवतो. व्याधीचे नाव सुचण्यापूर्वी औषध सुचणे, हाच वैद्याचा मोठा प्रज्ञापराध होय.