मळा मोठा म्हणून घर चांगलं?

चैत्र पौर्णिमा उलटली की सप्तशृंगी गडावरची गर्दी ओसरते. खानदेशातून चालत आलेले पदयात्री परततात, वाटेवरचे पाणी-सरबताचे मांडव निघतात, आणि यात्रेच्या आठ-दहा दिवसांत सांडलेल्या-उरलेल्या अन्नावर पोसलेली कुत्री एकदम उपाशी पडतात. गडाजवळच्या वणीत मला आजवर जी पिल्लं सापडली, त्यातली बरीच याच दिवसांत. कुणी टपरीच्या फळीखाली, कुणी गटाराच्या कडेला, अंगभर गोचीड घेऊन. पिल्लू उचलणं, न्हाऊ-माखू घालणं, दवाखान्यात नेणं हे सगळं जमतं. खरा कस पुढे लागतो: त्याला द्यायचं कुणाकडे? आणि इथेच चांगल्या मनाची माणसं काही पक्के समज धरून चुकतात. मीही चुकले आहे.

«आमचा मळा आहे, जागा भरपूर आहे»

आमच्या दिंडोरी तालुक्यात पिल्लाला घर शोधताना हे वाक्य सगळ्यात आधी ऐकू येतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पाच एकर द्राक्षबाग, विहीर, खळं, मोकळी हवा. फ्लॅटमध्ये कोंडण्यापेक्षा हे किती बरं! वर्षानुवर्षं मलाही तसंच वाटायचं.

पण मळ्यावरचा कुत्रा रात्री कुठे असतो? बहुतेक ठिकाणी खुंट्याला, साखळीनं, उघड्यावर. आपल्याकडे उसात, ओढ्याच्या झाडीत बिबट्या वावरतो हे मळ्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला आणि तो 2014 साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यातला वजनाच्या हिशेबानं 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, 39 टक्के. शेळ्या फक्त 11 टक्के. म्हणजे राखणीला म्हणून बांधलेला कुत्रा स्वतः पळूही शकत नाही आणि बिबट्याला मात्र घरापर्यंत ओढून आणतो.

म्हणून मळ्यावरच्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारते: आधीचा कुत्रा कसा गेला? «वाघानं नेला» (म्हणजे बिबट्यानं) असं उत्तर आलं, आणि त्याच्याही आधीचा तसाच गेला असेल, तर पिल्लू देण्याआधी रात्रीची सोय बघायला मी स्वतः जाते. पडवीत आत घेणार का? वरून जाळी आणि मागे भिंत असलेली खोली आहे का? ती करायची तयारी असेल तर मळ्यासारखं घर नाही. नसेल तर वणीतल्या दोन खोल्यांच्या घरातलं, रोज दोनदा पट्ट्यानं फिरायला नेणारं कुटुंब कितीतरी बरं.

दुसरा प्रश्न: भाकरी कोण घालणार? पुष्कळ मळ्यांवर मालक गावात राहतो आणि कुत्रा खऱ्या अर्थानं सालदाराच्या घरचा असतो. साल संपलं, ते कुटुंब सुरगाण्याकडे, पेठकडे परत गेलं, की कुत्र्याचं माणूसच गेलं. अशा ठिकाणी मालकाशी बोलून उपयोग नाही. ज्या बाईच्या हातची भाकरी तो खाणार आहे, तिच्याशी बोलावं लागतं.

आणि द्राक्षं. आपल्या भागात हे घरोघरी सांगायला हवं: द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहे. किती खाल्लं की बाधतं याचं ठरलेलं प्रमाण नाही. एखाद्याला काही होत नाही, तर एखाद्याच्या किडन्या दोन-तीन दिवसांत बंद पडतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्यामागचं कारण असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2021 साली मांडलं. तोडणीच्या दिवसांत बागेत गळलेल्या मण्यांचा सडा असतो आणि पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं. द्राक्षं खाल्ल्यावर उलट्या सुरू झाल्या तर «उद्या बघू» म्हणू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. कांद्याचंही तेच. कच्चा असो की रश्श्यात शिजलेला, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. «घरातलं उरलंसुरलं खाईल» असं म्हणणाऱ्या घरात त्या उरल्यासुरल्यात काय काय असतं, हे विचारून घ्यावं. फवारणीचं औषध कालवलेली बादली हा तिसरा धोका. ऑक्टोबर छाटणीनंतर तर फवारणी सारखी चालू असते.

एवढं वाचून मळेवाल्यांनी रागावू नये. मी दिलेल्या कुत्र्यांपैकी सगळ्यात सुखी दोघं मळ्यावरच आहेत. तिथली आजी त्यांना अंधार पडायच्या आत घरात घेते.

«मादी नको»

एका वेतात चार माद्या आणि दोन नर असले, तर नर पहिल्या आठवड्यात जातात आणि माद्या उरतात. कारण विचारलं तर एकच: पिल्लं होतील. नसबंदी केली की हा प्रश्न मिटतो. पण तिथेही अडतं. «एकदा तरी विऊ द्यावं, नाहीतर तब्येत बिघडते» असं जाणती माणसंही सांगतात. याला शास्त्राचा काही आधार नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मादीला स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. मादी साधारण 63 दिवसांत विते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. एक मादी नको म्हणून सोडली, तर वर्षभरात घरं शोधायची पिल्लं किती होतात, ते मोजून बघा. नसबंदीनं राखण कमी होते हाही भ्रमच. अनोळखी माणसावर भुंकणं गर्भाशयावर अवलंबून नसतं.

«पिल्लू असलं तरच लळा लागतो»

हा समज फार कुत्र्यांना नडतो. पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. चावायचं किती आणि खेळायचं कसं, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. पण मोठं कुत्रंही रुळतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. सांभाळणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घरचं वेळापत्रक ओळखायला लागतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. पहिल्या तीन दिवसांत ते खाटेखालून बाहेर आलं नाही, जेवलं नाही, तर «याला आम्ही आवडलो नाही» असं समजून लोक परत आणून देतात. थोडं थांबायला हवं होतं.

या पहिल्या दिवसांतला मोठा धोका पळून जाण्याचा. नवख्या जागी सोडलेलं कुत्रं जुन्या जागेच्या ओढीनं निघतं आणि नाशिक-कळवण रस्त्यावर गाडीखाली येतं. निदान दोन-तीन आठवडे पट्ट्याशिवाय अंगणात सोडू नये. ही चूक मी एकदा केली आहे. तांबूस रंगाची, एक कान पडलेली कुत्री होती. घरी नेऊन दुसऱ्याच संध्याकाळी «बघू या राहते का» म्हणून दार उघडं ठेवलं. पुन्हा दिसली नाही.

«पिल्लाच्या चावण्यानं काय होतंय» हाही समज इथेच खोडायला हवा. रेबीज पिल्लालाही होतो. चावा असो वा ओरखडा, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा काळ कधीच गेला. आता लस हातावर देतात, आणि पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे डोस देतात. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर लस, मग दरवर्षी. नवं घर ठरलं की लसीचं कार्ड कुत्र्याबरोबरच द्यावं.

«रस्त्यावरचं कुत्रं, त्याला कसला कायदा»

आहे. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 मध्ये जनावर आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं आणि भुकेनं-तहानेनं हाल होतील असं सोडून देणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही तर तोही. दंड त्या काळच्या रुपयांतला, तुटपुंजा. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सांगितलं की प्राणिप्रेमी पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेऊ शकतात, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून तिथेच परत न सोडण्याचा आदेश झाला. म्हणून स्टँडवरच्या कुत्र्यांसाठी घर शोधण्याचं काम आता पूर्वीपेक्षा निकडीचं झालं आहे.

पण त्या निकडीपायी घाई मात्र करू नये. मी कुत्रा गाडीवर घालून नेऊन देत नाही. आधी घरी जाऊन चहा घेते. घरातले सगळे बसलेले असताना विचारते: दिवाळीत गावाला गेलात तर? सूनबाई येणार असतील आणि त्यांना भीती वाटत असेल तर? भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का? कुणी एक जण गप्प बसलं असेल तर त्याच्याशी वेगळं बोलते, कारण कुत्रं बाहेर काढण्याचा निर्णय बहुतेक वेळा तिथूनच येतो. एका कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घेते. त्यातली शेवटची ओळ अशी: नको झालं तर सोडून देऊ नका, कुणाला परस्पर देऊ नका, मलाच परत आणून द्या, कधीही. खाली माझा फोन नंबर.

आठवड्यानं फोन, महिन्यानं फेरी. परवा अशाच एका फेरीला गेले होते. पडवीत पोतं अंथरलेलं, पाण्याचं घमेलं भरलेलं. कुत्रीनं मला ओळखलं, जवळ आली, हात हुंगला आणि परत जाऊन आजीच्या पायाशी बसली.